तरेसाहेबांचा घाबरलेला कर्नल

गॅलरीतला कॉम्प्युटर मंगळवारी सकाळी उठला नाही. केसरीनाथ तरे मात्र उठले होते. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांवरून पाण्याचा हात फिरवून ते मोगरा आणि कढीपत्ता यांच्या मधल्या जागेत येऊन उभेही राहिले होते. सातला फोटो निघायचा. सात वाजून गेले तरी टिक् असा आवाज आला नाही. आपण चुकून बोललो असू, त्यात तो ऐकू आला नसेल असं समजून तरेसाहेब आणखी थोडा वेळ तसेच मंद हसत उभे राहिले. वास्तविक घरात बोलायला कोणी नव्हतं. समोरच्या गोडाऊनच्या गेटात ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरला तिसऱ्या मजल्यावरचा हा हसरा गृहस्थ दिसला आणि त्याने खालून हात केला. फोटोचा चेहरा न मोडता तरेसाहेबांनी मान हलवली.

आता हा प्रकार काय होता ते सांगायला हवं. तरेसाहेबांच्या सौभाग्यवती वैशालीबाई लेकीच्या, म्हणजे भाविकाच्या, बाळंतपणाला बंगळूरला गेल्या होत्या. "मिसेस सध्या बंगळूरला आहेत," असं तरेसाहेब भिवंडीजवळच्या कशेळीत सगळ्यांना सांगत. यातल्या 'सध्या'ने आता दुसरी दिवाळी ओलांडली होती. नात रीमा चालायला लागली, बोलायला लागली, हातात येईल ते खाली टाकायला लागली, आणि तिच्या मागे धावायला आजीशिवाय घरात कोणी नव्हतं. जाताना वैशालीबाईंनी मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या: नवरा आणि कुंड्या. पैकी काळजी त्यांना कुंड्यांची होती.

म्हणून जावयाने, देवेशने, एक यंत्र बनवून दिलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक उघडावाघडा कॉम्प्युटर, तो साबणाच्या डब्यात बसवलेला. त्याला जोडलेला एक लहानसा पंप आणि कठड्याला बांधलेला कॅमेरा. रोज सकाळी तो डबा कुंड्यांना पाणी घालायचा, फोटो काढायचा आणि थेट बंगळूरला वैशालीबाईंच्या फोनवर पाठवून द्यायचा. मग तिकडून बोलका निरोप यायचा. "कढीपत्त्याला पाणी जादा झालंय." "गुलाबाचं ते पिवळं पान खुडा." "मोगऱ्याला कळी हाय का ती? बघा जरा." नवऱ्याविषयी त्यात काही नसायचं, कारण नवरा फोटोत नसायचा.

हे लक्षात आल्यावर तरेसाहेब फोटोत उभे राहू लागले.

व्हिडिओ कॉल होत नसत असं नाही. पण तो फोन पहिल्या क्षणालाच रीमाच्या ताब्यात जाई, आणि पुढचा सगळा वेळ तरेसाहेबांना बंगळूरच्या घराचं छत, एक पंखा आणि मधूनमधून नातीची नाकपुडी दिसे. त्यामानाने सकाळचा फोटो भरवशाचा. त्यात ते रोज उभे राहिले आणि एके दिवशी खास त्यांच्यासाठी निरोप आला: "अहो, जरा डावीकडं सरा. गवती चहा दिसत न्हाय." एवढाच. पण तरेसाहेबांनी तो निरोप पुसला नाही.

असा तो डबा उठेना.

आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती खरी. सोसायटीचे चेअरमन तुळशीरामभाऊ यांनी वायफायचा पासवर्ड बदलला होता, कारण गोडाऊनचे हमाल जेवणाच्या सुट्टीत बिल्डिंगच्या भिंतीला टेकून फुकट सिनेमे बघतात असा त्यांना संशय होता. डब्यालाही नवा पासवर्ड सांगणं भाग होतं. देवेशने फोनवर कृती सांगितली: डब्यातलं नखाएवढं कार्ड काढा, लॅपटॉपला लावा, अमुक फाइलमध्ये पासवर्ड बदला, कार्ड परत घाला. "जमेल ना बाबा? की मी आलो की करू?"

हा प्रश्न तरेसाहेबांना लागला. ते पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अर्ध्या तालुक्याला कोणत्या दिवशी पाणी मिळेल हे ज्याच्या टेबलावर ठरायचं, त्या माणसाला चार कुंड्यांच्या पाण्याबद्दल जावयाने असं विचारावं! "देवेशराव," ते म्हणाले, "आपलं आयुष्य फायलींतच गेलंय." आणि काम त्यांनी चोख केलं. जरा जास्तच चोख केलं, पण ते तेव्हा कोणाला माहीत? त्याच संध्याकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्यामुळे मंगळवारी डबा उठला नाही तेव्हा दोष लाइटला देऊन तरेसाहेब मोकळे झाले. भिवंडीत कशाचाही दोष लाइटला देता येतो आणि तो सहसा बरोबर असतो.

डब्यावरचा लाल दिवा पेटला होता. हिरवा, जो एरवी लुकलुकायचा, तो गप्प होता. त्यांनी डबा उचलून घरात आणला आणि टीव्हीला जोडला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धो धो वर सरकत गेल्या आणि शेवटी थांबल्या. तरेसाहेबांनी चष्मा लावून त्या इंग्रजी मजकुराचं सरकारी पद्धतीने मराठी केलं. सारांश असा निघाला की, कर्नल घाबरला आहे. मूळ सापडत नाही. आणि ब्लॉक अनोळखी आहे.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातला मुख्य प्रोग्रॅम, पण हे तरेसाहेबांना कोण सांगणार? पण मूळ कळलं. ज्याचं कामच झाडांना पाणी घालणं, त्याला मूळ सापडत नसेल तर पंपाची नळी कुंडीत नीट बसलेली नाही, इतका सरळ हिशेब होता. ते गॅलरीत गेले, मोगऱ्याच्या कुंडीतली नळी उपसून काढली, माती उकरून मूळ जागच्या जागी असल्याची खात्री केली आणि परत येऊन टीव्हीकडे बघितलं. कर्नल घाबरलेलाच होता.

तेवढ्यात बंगळूरहून निरोप आला. "फोटू न्हाय आला आज?"

"ढगाळ आहे," तरेसाहेबांनी लिहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या फोनने फोटो काढून पाठवला. कुंड्यांना मगाने पाणी घातलं होतं, पानं पुसली होती. उत्तर आलं, "ह्यात झाडं तिरकी दिसतात. आपल्या डब्याचाच बरा." शिवाय या फोटोत एक मोठी अडचण होती. फोटो काढणारा त्यात नव्हता. हात लांब करून स्वतःला आत घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला, पण मग मोगरा बाहेर जाई. मोगरा आणि आपण यांत निवड करायची वेळ आली तेव्हा तरेसाहेबांनी मोगरा पाठवला. बायकोला काय हवं ते त्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या फ्लॅटमधले तुळशीरामभाऊ संध्याकाळी चहाला आले. समोरचं गोडाऊन ज्या शेतावर उभं आहे ते शेत एके काळी यांचं. शेत दिल्यापासून त्यांना दिवसभर काही काम नसे, म्हणून ते चेअरमन झाले होते. टीव्हीवरची अक्षरं त्यांनी लांबून आणि जवळून वाचली.

"कर्नल म्हंजे मिलिटरीतला ना?"

"तसंच काहीतरी असेल."

"मंग तो घाबरला म्हंजे मॅटर मोठा हाय, साहेब. आपुन हात न्हाय लावायचा." आणि लगेच हात लावून त्यांनी डब्याला दोन सणसणीत टपल्या मारल्या. "आमचा जुना टीवी असाच सुरू व्हायचा."

कर्नलवर परिणाम झाला नाही. मग त्यांच्या सौ. विनितावहिनी आल्या आणि त्यांनी निदान केलं की यात पाणी गेलं आहे. पाणी गेलेलं यंत्र तांदळात ठेवलं की बरं होतं. भाच्याचा फोन असाच वाचला. तरेसाहेबांनी डबा रात्रभर तांदळात पुरून ठेवला. सकाळी डबा तसाच होता. तांदूळ मात्र पुढच्या सगळ्या खिचड्यांत कचकच लागत राहिले. का, ते शोधण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

गुरुवारी त्यांनी डबा पिशवीत घातला आणि धामणकर नाक्याला निघाले. तिथे गल्लीत मोबाइल रिपेरिंगची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत. त्यांतलं कोणी ना कोणी बघेल. कर्नलची स्थिती दुकानदाराला दाखवता यावी म्हणून त्यांनी डब्याला फोनचा पॉवर बँक जोडून ठेवला होता. ही दूरदृष्टी अंगाशी आली. शेअर रिक्षात त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून तांबड्या-काळ्या वायरी लोंबत होत्या आणि आत एक लाल दिवा मिणमिणत होता. शेजारच्या माणसाने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा तरेसाहेबांच्या शांत चेहऱ्याकडे बघितलं, आणि "रोको भाई, इधरीच" म्हणून तो भर ट्रॅफिकमध्ये उतरला. पाठोपाठ दुसराही उतरला. नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने रिक्षा बाजूला घेतली.

"काका, पिशवीत काय?"

"हा झाडांना पाणी घालतो."

"कोण?"

"हा."

हवालदाराने पिशवीत वाकून बघितलं. "झाडं कुठायत?"

"घरी."

"मग ह्याला कुठं फिरवताय?"

"डोक्यावर परिणाम झालाय," असं तरेसाहेब स्वतःच बोलून गेले, कर्नलबद्दल, पण हवालदाराने ते तरेसाहेबांबद्दल घेतलं, आणि "घरी कोण आहे का?" असं एकदम मऊ आवाजात विचारलं. "मिसेस सध्या बंगळूरला आहेत," तरेसाहेब म्हणाले. हवालदाराने त्यांना हात धरून रस्ता ओलांडून दिला. आयुष्यात एवढा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता.

रिपेरिंगवाल्याने डबा उलटासुलटा केला. "कौनसे मोबाइल का है?"

"मोबाइल नहीं है."

"डिस्प्ले किधर है?"

"डिस्प्ले होताच नहीं."

"तो फिर?" दुकानदार विचारात पडला. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. "अंकल, एक काम करो. आपके फोन को ग्लास लगवा लो." तरेसाहेब नवी काच लावलेला फोन आणि घाबरलेला कर्नल घेऊन घरी आले.

आता जावयाला फोन करणं एवढंच उरलं होतं, आणि तेच करायचं नव्हतं. फोन करणं म्हणजे 'जमेल ना बाबा?' या प्रश्नाला 'नाही' असं लेखी उत्तर देण्यासारखं. म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडून, जिथे जगभरचे लोक अशा यंत्रांच्या तक्रारी मांडतात आणि जगभरचे लोक त्या सोडवतात, तशा एका ठिकाणी अर्ज केला. इंग्रजीत, रीतसर. 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की...' इथपासून 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' इथपर्यंत. खात्यात असल्या अर्जाला पोच मिळायला पंधरवडा लागे. इथे उत्तर त्यांचा चष्मा पुसून होईस्तोवर आलं! कोणी परदेशी गृहस्थ होता. त्याने लिहिलं होतं: 'पूर्ण लॉग द्या. सिरियल केबल वापरा.'

तरेसाहेबांना कोण आनंद झाला. केबलचं नंतर बघू. समुद्रापलीकडचा एक माणूस आपलं काम सोडून आपल्याशी बोलला. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. आभार मानले, इथलं हवामान कळवलं, तिकडे थंडी कशी आहे, घरी कोण कोण असतं, अशी आपुलकीची चौकशी केली. थोड्या वेळाने बघतात तर ते पत्र गायब, आणि त्या जागी शेरा: 'विषयाला सोडून. काढून टाकले.' खाली दुसऱ्या कोणीतरी सही केल्यासारखं लिहिलं होतं: 'हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. बंद.'

तरेसाहेब त्या 'बंद'कडे बराच वेळ बघत बसले. खात्यात ते स्वतः फायलीवर 'दप्तरी दाखल' असं लिहीत. समोरच्या माणसाला ते कसं लागत असेल याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

पण केबलचं नाव कळलं होतं. ही वायर डब्याच्या पिनांना लावली की डबा काय काय बोलतो ते, म्हणजेच तो लॉग, पहिल्या शब्दापासून लॅपटॉपवर वाचता येतं. त्यांनी ती ऑनलाइन मागवली. मागवली आणि लगेच पार्सलचा ठावठिकाणा दिसू लागला: 'भिवंडी गोडाऊनमध्ये पोहोचले.' ठिकाणाच्या खुणेवर बोट ठेवलं तर ती खूण गॅलरीतून दिसणाऱ्या निळ्या पत्र्यांच्या छपरावर पडत होती. आपली वायर आपल्याला दिसते आहे, नुसती पत्र्याखाली आहे! दुसऱ्या दिवशी खूण गुजरातेत गेली. तिसऱ्या दिवशी परत निळ्या छपराखाली आली. तिथे ती मुक्कामाला राहिली.

"चला माझ्यासंगं," तुळशीरामभाऊ म्हणाले. "माझ्याच शेतात हाय ते गोडाऊन. मना कोण अडवतो?"

वॉचमनने अडवलं. "पास?"

"अरे, ये खेत मेरा है," तुळशीरामभाऊ म्हणाले.

"होगा. पास दिखाओ."

पास मिळायला आतल्या साहेबांची परवानगी लागत होती, आतल्या साहेबांना भेटायला पास लागत होता, आणि फोनवरून तक्रार करावी तर एक बाई गोड आवाजात तोच तोच नंबर दाबायला सांगत होती. "अंकल," वॉचमन शेवटी कीव येऊन म्हणाला, "यहाँ से माल जाता है. मिलता नहीं. घर जाओ, घर पे आएगा."

परतताना कुंपणाच्या जाळीपाशी थांबून तुळशीरामभाऊंनी एका ट्रककडे बोट केलं. "तो लाल ट्रक उभा हाय ना, तिथं आमची विहीर होती." मग दोघं थोडा वेळ लाल ट्रककडे बघत उभे राहिले. घरी पोचले तर तरेसाहेबांच्या फोनवर संदेश येऊन पडला होता: 'डिलिव्हरीसाठी आलो होतो. दार बंद.'

दुसऱ्या दिवशी तरेसाहेबांनी दार सोडलं नाही. खुर्ची उंबऱ्याशी ओढून ते सकाळपासून बसले. भाजीला गेले नाहीत, अंघोळीलाही दार किलकिलं ठेवून गेले. लिफ्टचा आवाज झाला की सावरून बसत. खूप दिवसांनी त्या घरात कोणाची तरी वाट बघणं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं. त्यांनी चहाचं आधण टाकलं, दोन कप काढून ठेवले. दुपारी डिलिव्हरीवाला आला, "ओटीपी?" म्हणाला, आकडे ऐकले, पाकीट हातात दिलं आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत परत गेलाही. "चहा..." एवढंच तरेसाहेबांना म्हणता आलं. त्यांनी दोन्ही कप स्वतः प्यायले.

वायर जोडली. डब्याला एक बोलायची पिन असते आणि एक ऐकायची. वायरीलाही तशीच दोन टोकं. तरेसाहेबांनी हेडक्लार्काच्या शिस्तीने बोलायच्याला बोलायचं आणि ऐकायच्याला ऐकायचं, असं सारख्याला सारखं जुळवलं. पडदा कोरा. पुन्हा जोडलं. कोरा. दोन्हीकडून नुसतं बोलणं चाललेलं आणि ऐकायला कोणीच नाही, हे ध्यानात यायला त्यांना संध्याकाळ झाली. लग्न झालेल्या माणसाला खरं म्हणजे इतका वेळ लागू नये. त्यांनी टोकांची अदलाबदल केली आणि डबा पहिल्यांदा सविस्तर बोलू लागला.

तरेसाहेबांनी ते निवेदन वरपासून वाचायला घेतलं. पुष्कळसं कळलं नाही. पण वरच्या भागात एक ओळ होती: कर्नलला मिळालेला आदेश. तो आदेश मध्येच तुटला होता. वाक्य सुरू होत होतं आणि जिथे महत्त्वाचं काही येणार तिथे संपत होतं. तुटलेला मसुदा तरेसाहेब झोपेतही ओळखतील. आणि हा मसुदा त्यांच्या ओळखीचा होता.

सोमवारी पासवर्ड बदलताना त्यांना शेजारची एक फाइल दिसली होती. तीत एकच ओळ. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पलीकडे कुठे तरी निघून गेलेली, ना पूर्णविराम, ना परिच्छेद. देवेश हुशार मुलगा, पण मसुदा लिहायचं वळण नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी मायेने त्या ओळीचे तीन सुबक परिच्छेद पाडले होते. त्याला ते ढवळाढवळ समजत नव्हते. टापटीप समजत होते. आणि कर्नल फक्त पहिली ओळ वाचतो! पुढच्या ओळी त्याच्या लेखी नसतातच. त्याचं मूळ, म्हणजे त्याची सगळी सामग्री, कार्डाच्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, आणि तो बिचारा पहिली ओळ संपल्यावर अंधारात हात मारत घाबरून बसला होता.

तरेसाहेबांना खात्यातले एकूण एक साहेब आठवले. तेही पहिलीच ओळ वाचत. कर्नलविषयी त्यांच्या मनात थोडा आदर उत्पन्न झाला.

त्यांनी कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी मागचं खोडणारं बटण एकेकदा दाबलं. तीन परिच्छेदांची पुन्हा एक लांबलचक, अडाणी ओळ झाली. हवालदाराने हात धरला, रिक्षा रिकामी झाली, तुळशीरामभाऊंना स्वतःच्याच शेताच्या गेटात पास मागितला गेला, ते सगळं या दोन टिचक्यांसाठी. हसावं की काय करावं ते त्यांना सुचेना. हसणं पाहायला कोणी नसलं की माणूस हसत नाही, नुसता श्वास सोडतो. तसा त्यांनी सोडला.

डबा गॅलरीत नेऊन जागेवर बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग, थोडं थांबून, हिरवा लुकलुकला. एकदा, दोनदा, मग भराभर.

ते तिथून हलले नाहीत. घामाने शर्ट भिजला होता तो काढून टाकला, कुकर तसाच उचलून आणला आणि बनियनवर, कुंड्यांच्या मधे फरशीवर, भिंतीला टेकून ते बसले. ताट घ्यायला पुन्हा आत कोण जाणार? आणि खरं तर ताट घ्यायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. एकट्यासाठी ताट, वाटी, पेला घासत बसायचं म्हणजे जिवावर येई. कुकर मांडीत धरून ते चमच्याने खिचडी खात होते आणि हिरव्या दिव्याकडे बघत होते. खाडीवरून येणारा वारा पडला होता. गोडाऊनचे दिवे लागत होते.

आता अशा डब्यांना स्वतःचं घड्याळ नसतं, ही गोष्ट देवेशने सांगितलेली नव्हती. उठल्यावर आधी ते शेवटच्या कामाची जुनीच वेळ धरून चालतात. खरी वेळ नेटवरून मागाहून कळते. कर्नल झोपेतून उठला, त्याला वाटलं सकाळ झाली, आणि तो इमानेइतबारे सकाळच्या कामाला लागला. पंप घुरघुरला. मोगऱ्याच्या कुंडीतून उपसून काढलेली नळी अजून तशीच बाहेर पडलेली होती. तिने फणा काढल्यासारखं तोंड वर केलं आणि सरळ तरेसाहेबांच्या छातीवर पाणी सोडलं. खिचडी वाचवायला त्यांनी कुकर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. चमचा तोंडातच होता.

टिक्.

फोटो गेला. तरेसाहेब धडपडत उठले, पंपाची वायर ओढली, आणि तेवढ्यात फोन वाजला. नेहमीचा बोलका निरोप नव्हे, फोन. वैशालीबाई होत्या. आवाज दबका होता. मागे रीमाचा आवाज नव्हता.

"निजली ती आत्ताच," त्या म्हणाल्या. "फोटू आला."

"हां. तो जरा... टेस्टिंगचा आहे. सकाळी नीट पाठवतो."

"कुकरातनं जेवताव?"

"छे! ते आपलं... कुकर उचलून ठेवत होतो."

"तोंडात चमचा धरून?"

तरेसाहेबांनी हातातला चमचा कुकरात टाकला.

"रोज असंच?" वैशालीबाईंनी विचारलं.

"रोज कुठं?" ते म्हणाले. मग बनियनचं पाणी पिळत म्हणाले, "रोजच."

पलीकडे एक दार हलकेच ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मना वाटायचं," वैशालीबाई म्हणाल्या, "इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून उभे असतात. मजेत हायत. माझ्यावाचून ह्यांचं कायबी अडत न्हाय. मी त्या फोटूत तुमच्याकडं बघून मंगच झाडं बघायची. बोलायची झाडांचं."

"मोगरा ठीक आहे," तरेसाहेब घाईने म्हणाले. "कळी आहे. कढीपत्त्याला..."

"झाडांना काय धाड भरलीय?" वैशालीबाई म्हणाल्या. "ह्या डब्याला सांगा, फोटू सकाळचा नको. जेवायच्या टायमाचा पाठव म्हणावं. ताट दिसलं पायजे."

"त्याचा प्रोग्रॅम बदलावा लागेल."

"बदला."

"आत्ता?"

"आत्ताच. मी हाय फोनवर. झाला की सांगा."

तरेसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकून मोगऱ्याच्या कुंडीला टेकवला आणि ओल्या बनियननेच लॅपटॉप मांडीवर घेतला. फोटोच्या वेळेची ती जागा सापडली. तिथे सातचा आकडा होता. त्यांनी तो खोडला, संध्याकाळच्या साडेसातची वेळ टाकली आणि फाइल ठेवून दिली. काम झालं.

"रीमानं आज काय केलं सांगू?" फोनमधून आवाज आला. "तुमचा तो जुना चष्मा आणलाय ना मी चुकून, तो घातला आणि आरशापुढं उभी. म्हणते, आबा."

तरेसाहेबांनी एक रिकामी फाइल उघडली आणि तीत भराभर काहीही अक्षरं बडवायला सुरुवात केली, चांगली ठळक, तिकडे ऐकू जाईल अशी.

"मग?" ते म्हणाले.

"मंग काय, काढू देईना. जेवतानाबी चष्मा. भाविका ओरडली तर म्हणते, आबाला नको ओरडू." वैशालीबाई हसल्या. मग भाविकाच्या ऑफिसचं निघालं, शेजारच्या बाईच्या इडलीचं निघालं, तिथल्या आंब्याला कशी चवच नसते ते निघालं. टक टक टक. तरेसाहेबांची बोटं थांबत नव्हती. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिखल साचत होता, आणि त्यात परिच्छेद पाडावा असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

"झालं का वो?" मध्येच तिकडून विचारलं.

"न्हाय अजून," तरेसाहेब म्हणाले. "लई अवघड हाय हे. तू बोल."